तीन वर्षे थांबा, असे मास्तर म्हणाले

पावसाळा सरला की आमच्या पाचाडात दोन गोष्टींची वाट पाहिली जाते. भात कापून खाचरे कधी मोकळी होतात याची, आणि त्या मोकळ्या खाचरात कबड्डीचे मैदान कधी आखले जाते याची. रायगडाच्या पायथ्याशी सपाट जमीन ती केवढी! धसकटे उपटून, ढेकळे फोडून, पाणी मारून आणि चोपून पोरे मैदान तयार करतात. यंदा मात्र मैदान आखण्याआधी सभेची नोटीस लागली. विषय एकच होता. संघाचे मास्तर ठेवायचे की बदलायचे?

नोटीस लागली त्याच आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी आम्ही ओटीवर बसलो होतो. शेजारच्या घरातला बारावीतला मुलगा आला. अंगात मँचेस्टर युनायटेडची लाल जर्सी, महाडच्या बाजारातून घेतलेली, धुऊन धुऊन गुलाबी झालेली. आम्ही सहज विचारले, "काय रे, तुझा संघ पुन्हा हरला म्हणे?" तर पोरगा आम्हालाच शिकवू लागला. "काका, संघ असा एका वर्षात नाय उभा राहत. जुने खेळाडू काढायचे, नवीन घडवायचे, म्हणजे तीन-चार वर्षं जाणारच. कोचला टाइम द्यायला पायजे." आवाजात असा ठामपणा, की जणू त्या क्लबच्या कार्यकारिणीवर हाच बसला आहे. आम्ही म्हटले, "खरं आहे बाबा. मग आपल्या मास्तरांचं काय?" क्षणाचाही विलंब न लावता उत्तर आले, "त्यांना बदलायला पायजे. दोन वर्षं झाली, एक कप नाय."

आम्ही हसलो. मग हसू ओसरले, कारण आमचेही काही वेगळे नव्हते.

मास्तरांची ओळख करून देणे भाग आहे. नाव देत नाही, त्यांना ते आवडायचे नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, तरुणपणी उजव्या कोपऱ्यात खेळलेले, आणि गुडघ्याने दगा दिल्यावर शिट्टी हातात घेतलेले असे हे गृहस्थ. दोन वर्षांपूर्वी मंडळाने संघ त्यांच्या हाती दिला, तेव्हा संघाची अवस्था काय होती ते आपण सोयीस्करपणे विसरतो. सातापैकी चार खेळाडू मुंबई-पुण्याला नोकरीत. सामन्याच्या रात्री एस.टी.ने यायचे, जेमतेम दोन घास खाऊन मैदानात उतरायचे आणि पहाटेच्या गाडीने परत जायचे. एक जण तर चाळिशीला टेकलेला. सराव म्हणून काही नव्हतेच. तरी नाव होते, कारण जुन्या कपांनी भरलेले एक कपाट समाजमंदिरात आहे आणि पाहुणे आले की आपण त्यांना आधी ते कपाट दाखवतो.

मास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले. चाकरमान्यांचा संघ बंद. गावात राहणारी, नववी ते बारावीतली पोरे घेणार. रोज पहाटे साडेपाचला सराव. शाळा बुडवली तर त्या आठवड्यात खेळायचे नाही. आणि तीन वर्षे मला कोणी कप मागायचा नाही.

आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुंबई मंडळाने जर्सी आणि गुडघ्याच्या पट्ट्यांसाठी वर्गणी काढून पाठवली. योजना ऐकताना गोडच लागते हो. ती कडू लागते पहिल्या पराभवानंतर.

पहिल्या वर्षी एकही सामना जिंकला नाही. दुसऱ्या वर्षी दोन जिंकले, तेही पहिल्या फेरीतले. गेल्या हंगामात पोलादपूरकडच्या एका गावी रात्रीचे सामने होते. समोरचा संघ बापयांचा, आमची पोरे मिसरूड न फुटलेली. दोन लोण चढले. दहावीतला एक मुलगा चढाईला गेला आणि पकडला गेला. पुन्हा उठला, पुन्हा गेला, पुन्हा पकडला गेला. तिसऱ्या वेळी आमच्या तोंडून निघून गेले, "अरे, काढा त्याला बाहेर! खेळ तरी येतो का याला?" मोठ्याने निघाले. दिव्याच्या उजेडात त्या पोराने मान वळवून आमच्याकडे पाहिले. आमच्याच आळीतला, लहानपणी आमच्याच ओटीवर खेळून तिथेच झोपी जाणारा. त्यानंतर तो सरावाला आला नाही.

चार दिवसांनी त्याच्या आईने आम्हाला नळावर गाठले. भांडण नाही, आदळआपट नाही. एवढेच म्हणाली, "भावजी, मैदानात तो एकटाच होता का? सात होते ना?" आम्हाला उत्तर सुचले नाही. या आठवड्याचे सदर त्या प्रश्नातून निघाले आहे.

त्या लाल जर्सीच्या पोराला आम्ही ओटीवर बसवून त्याच्याच क्लबाची जुनी गोष्ट सांगितली. त्याला ती अर्धीच ठाऊक होती, म्हणजे शेवटची जिंकण्याची तेवढी. अलेक्स फर्ग्युसन नावाचा स्कॉटलंडचा माणूस नोव्हेंबर १९८६ मध्ये मँचेस्टर युनायटेडचा मॅनेजर झाला. १९६७ नंतर त्या क्लबाने इंग्लंडची लीग जिंकलेली नव्हती. फर्ग्युसनने काही मोठी नावे विकली, खेळाडूंच्या दारूच्या सवयीला चाप लावला, आणि शाळकरी पोरे हेरण्यासाठी माणसे नेमली. पहिले चार हंगाम लीगमध्ये क्रमांक आले ते असे : अकरावा, दुसरा, अकरावा, तेरावा. सप्टेंबर १९८९ मध्ये त्याच शहरातल्या मँचेस्टर सिटीने त्यांना ५-१ असे लोळवले. त्या डिसेंबरात आपल्याच मैदानावर एका पाठिराख्याने फलक धरला. त्याचा मतलब असा, की तीन वर्षे सबबी ऐकल्या, आता राम राम. हा माणूस कोणी शत्रू नव्हता. पदरचे पैसे मोडून सामन्यांना येणारा, क्लबावर जीव असणारा पाठिराखा होता.

७ जानेवारी १९९० ला नॉटिंगहॅम फॉरेस्टशी सामना होता. हरले तर फर्ग्युसन गेला, असे सगळे धरून चालले होते. मार्क रॉबिन्स नावाच्या तरुण खेळाडूने केलेल्या एका गोलवर सामना जिंकला गेला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात एफ.ए. कपही आला. लीग मात्र यायला १९९३ उजाडले. त्या मॅनेजरच्या हाताखाली २०१३ पर्यंत एकूण तेरा वेळा लीग जिंकली गेली.

गोष्ट ऐकून पोरगा खूष झाला. "बघा, धीर धरला म्हणून मिळालं!"

इथेच आमची गाडी अडते. फर्ग्युसन जिंकला म्हणून त्याची गोष्ट आपल्यापर्यंत आली. ज्यांना वेळ दिला आणि तरीही काही उभे राहिले नाही, अशा प्रशिक्षकांच्या गोष्टी कोण सांगतो? त्याच क्लबाने फर्ग्युसननंतर आलेल्या डेव्हिड मोयेस यांच्याशी सहा वर्षांचा करार केला होता. दहा महिन्यांत, एप्रिल २०१४ मध्ये, त्यांना घरी पाठवले. ती घाई होती की शहाणपण, हे आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. तेव्हा नुसता धीर धरला की कप येतो, असले काही नसते. पाहायचे असते ते वेगळेच. कप येत नसताना त्याच्या मागे दुसरे काही घडते आहे का? मँचेस्टरमध्ये ते घडत होते. १९९२ मध्ये त्यांच्या अठरा वर्षांखालच्या पोरांनी युवा कप जिंकला. त्यात रायन गिग्स होता, डेव्हिड बेकहॅम होता, गॅरी नेव्हिल होता. पोरांचे सामने पाहायला जो पाठिराखा जात असेल, त्याला पुढचे दिवस थोडे आधी दिसले असतील.

आता परदेशची गोष्ट पुरे. आपल्या मुंबईची सांगतो. ती आम्हाला अधिक बोचते आणि तिचा शेवट इतका गोड नाही.

२००७ मध्ये मुंबई एफ.सी. नावाचा फुटबॉल क्लब निघाला. आजच्या मुंबई सिटीशी त्याची गल्लत करू नका, तो वेगळा. कुपरेजचे मैदान त्यांचे घर. खालिद जमील हा भारताकडून खेळलेला खेळाडू तिथे आला, आणि दुखापतींनी खेळ थांबल्यावर २००९ मध्ये तिथेच प्रशिक्षक झाला. हाती पैसा बेताचा. कोलकात्याचे आणि गोव्याचे क्लब ज्या खेळाडूंकडे ढुंकून पाहत नसत, अशांना घेऊन तो संघ उभा करी. खेळ देखणा नव्हता. गोल खायचा नाही, बरोबरी सोडायची नाही, पडेल ते गुण वेचायचे, असा काटकसरीच्या संसारासारखा कारभार. आय-लीगमध्ये तळाला गेलेला संघ खालच्या श्रेणीत ढकलला जाई. जमील यांच्या हाताखाली सात हंगामांत मुंबई एफ.सी. एकदाही ढकलला गेला नाही. पण पाठिराख्याला दरवर्षी नुसते तगून राहणे किती दिवस पुरणार? कंटाळवाणा खेळ, कप नाही, पुढे सरकणे नाही, ही कुरकुर होतीच, आणि ती खोटी नव्हती. २०१६ मध्ये क्लबाने जमील यांना निरोप दिला.

जमील मिझोरामला गेले, आयजॉल एफ.सी. या क्लबाकडे. हा क्लब आधल्या हंगामात खालच्या श्रेणीत गेलेला होता. गोव्याच्या क्लबांनी लीगमधून अंग काढून घेतले म्हणून त्यांना परत वर बोलावले गेले. म्हणजे कोणाच्या हिशेबातच नसलेला संघ. जमील यांनी जयेश राणे, आशुतोष मेहता अशी मुंबई एफ.सी.कडून पूर्वी खेळलेली, इतरांनी सोडलेली माणसे सोबत घेतली. २२ एप्रिल २०१७ ला आयजॉलने आपल्या मैदानावर मोहन बागानला १-० ने हरवले. ३० एप्रिलला शिलाँगमध्ये लाजाँगशी १-१ अशी बरोबरी केली, आणि मोहन बागानपेक्षा एका गुणाने पुढे राहून लीग जिंकली. ईशान्य भारतातला एखादा क्लब देशाचा विजेता होण्याची ती पहिली वेळ.

आणि मुंबई एफ.सी.? त्याच हंगामात, त्याच तक्त्यात, दहा संघांत दहावा. हंगामाच्या मध्येच नवा प्रशिक्षकही बदलून झाला होता, तरी काही उपयोग झाला नाही. खालच्या श्रेणीत गेलेला तो क्लब पुन्हा वर आलाच नाही, त्याचे दुकानच बंद झाले.

हे वाचून कोणी म्हणेल, पाहा, प्रशिक्षकाला काढले आणि क्लब बुडाला. इतके सरळ नाही हो. आपल्या महाराष्ट्रात फुटबॉलचे क्लब बुडण्याला पाठिराख्यांची अधीरता फारशी कारण नाही, मालकांची आहे. महिंद्र युनायटेडने डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली होती. २०१० मध्ये कंपनीने संघच बंद केला. पुणे एफ.सी. २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आला, पोरांची चांगली अकादमी चालवली, आणि २०१५ नंतर मैदानात दिसला नाही. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पेठांच्या आणि तालमींच्या संघांसाठी लोक पिढ्यान् पिढ्या गळा फाडून ओरडतात. ते संघ आहेत, कारण ते पेठेचे आहेत. ज्यांच्या संघाचा मालक वर्षअखेरीला खतावणी पाहून कुलूप लावतो, त्या पाठिराख्यांनी धीर धरायचा तो कोणाच्या भरवशावर?

जमील यांचेही पुढे सारे गोडच झाले असे नाही. आयजॉलचे लोक त्या विजयानंतर आनंदात होते, तोवर हे ईस्ट बंगालला निघूनही गेले. त्या संघातले खेळाडूही पांगले. आयजॉलच्या पाठिराख्यांना सुख मिळाले ते एका हंगामाचे. १ ऑगस्ट २०२५ ला जमील भारताच्या संघाचे प्रशिक्षक झाले. सप्टेंबरात मध्य आशियातल्या स्पर्धेत ओमानला पेनल्टीवर हरवून भारत तिसरा आला, तेव्हा सगळीकडे वाहवा. १४ ऑक्टोबरला मडगावात सिंगापूरकडून २-१ ने हरून आशियाई कपाची दारे बंद झाली, आणि १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशकडून १-० ने हार. तोच माणूस, तीच पद्धत. ऑगस्टात त्याला देव्हाऱ्यात बसवणाऱ्यांनीच नोव्हेंबरात उंबऱ्याबाहेर काढले. चार महिन्यांत कोणता संघ घडतो?

आता आपल्या खेळाकडे येऊ. कबड्डीच्या पोरांना पुणेरी पलटण ठाऊक आहे. २०१९ च्या प्रो कबड्डीत बारा संघांत हा संघ दहावा होता. प्रशिक्षक भारताचा माजी कर्णधार अनुप कुमार. पुढच्या हंगामात नितीन तोमर, राहुल चौधरी अशी मोठी नावे संघात होती, पण चढाईचा भार हळूहळू आला तो अस्लम इनामदार आणि मोहित गोयत या कोवळ्या पोरांवर. क्लबाच्या युवा पलटणीत ती तयार झालेली. अस्लम हा पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरचा. वडील लहानपणीच गेले, आईने कष्ट करून पोरे वाढवली. मग बी. सी. रमेश प्रशिक्षक झाले. त्यांनी ही पोरे बदलली नाहीत. १७ डिसेंबर २०२२ ला मुंबईत अंतिम सामना जयपूरकडून ३३-२९ असा हरले. हातातोंडाशी आलेला घास गेला. तरीही तीच पोरे पुढे ठेवली, आणि कर्णधार केला तो अस्लमला. १ मार्च २०२४ ला हैदराबादला हरियाणाला २८-२५ असे हरवून पलटण पहिल्यांदा विजेती झाली. साखळीतल्या बावीस सामन्यांत त्यांनी फक्त दोन गमावले होते. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझौच्या आशियाई स्पर्धेत भारताने इराणला ३३-२९ ने हरवून सुवर्णपदक परत आणले, त्या संघातही अस्लम होता आणि नाशिक जिल्ह्यातला आकाश शिंदे होता.

कप आल्यावर सगळे स्थिरस्थावर झाले असे समजू नका. पुढच्याच हंगामात अस्लमच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि पलटण बाद फेरीतही पोहोचली नाही. रमेश गेले, अजय ठाकूर आले. २०२५ मध्ये पलटण पुन्हा अंतिम सामन्यात, आणि दिल्लीकडून ३१-२८ ने हार. म्हणजे 'संघ उभा राहिला, आता सुखाने बसू' असा दिवस येतच नाही. भाताच्या शेतीसारखे आहे, दरसाल राब भाजा, दरसाल चिखल तुडवा.

हे सगळे डोक्यात घेऊन आम्ही सभेला गेलो.

सभा रविवारी दुपारी समाजमंदिरात झाली. त्या कपाटासमोरच सतरंज्या टाकल्या होत्या. मुंबई मंडळाचे दोघे खास रजा काढून आलेले. त्यातले वयाने मोठे सरळ बोलले. "आम्ही चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत राहून वर्गणी देतो. पैशाचं नाय वाटत. पण इतर गावांची माणसं ट्रेनमध्ये विचारतात, काय झालं रे पाचाडला? तोंड लपवावं लागतं." कोणी याला हसू नये. गावापासून दूर राहणाऱ्याला गावाचा संघ म्हणजे सांगण्यासारखी एक गोष्ट असते. पाठिराख्याचा राग हा त्याच्या जिव्हाळ्यातूनच येतो, आणि 'योजना आहे, तुम्हाला कळत नाही, गप्प बसा' असे त्याला सांगणाऱ्याला आम्ही तरी मानत नाही. ज्याने वर्गणी दिली त्याने हिशेब मागायचा नाही, हा कुठला न्याय?

मास्तर उठले. भाषण केले नाही. पिशवीतून एक वही काढली. दोन वर्षांची हजेरी, पोराचे वजन, शाळेची उपस्थिती, प्रत्येक सामन्यात कोणी किती चढाया केल्या, किती पकडी केल्या, सारे पेन्सिलीने लिहिलेले. पहिल्या वर्षी आपण बहुतेक सामने पंचवीस-तीस गुणांनी हरत होतो. दुसऱ्या वर्षी, ती पोलादपूरकडची रात्र सोडली तर, दहा-बाराच्या वर कोणी हरवले नाही. तीन पोरे शाळेच्या तालुका संघात निवडली गेली. ही गोष्ट सभेतल्या निम्म्या लोकांना पहिल्यांदाच कळली. आम्हालाही. आम्ही पेपरात लिहिणारे, आणि आमच्याच गावातली ही बातमी आम्हाला ठाऊक नव्हती!

मग मास्तर म्हणाले, "त्या रात्री दमलेल्या पोराला तिसऱ्यांदा चढाईला पाठवलं, ती चूक माझी होती. बोलणी त्यानं खाल्ली." एवढे बोलून खाली बसले. आम्ही सतरंजीची दशी ओढीत राहिलो.

मँचेस्टरच्या मॅनेजरला काढले तर नुकसानभरपाईचे लाखो पौंड मिळतात, आणि वर्षभरात दुसरा क्लब मिळतो. आमच्याकडे मास्तरांना मानधनही नाही. पण त्यांना निदान पन्नास वर्षांचा अनुभव आहे, कातडी जाड झाली आहे. आपला शब्द लागतो तो पंधरा वर्षांच्या पोराला. 'योजना फसली' असे आपण म्हणतो, तेव्हा ती योजना म्हणजे कोणाचा तरी मुलगा असतो.

सभेतला सर्वांत चांगला प्रश्न कपाविषयी नव्हता. मागे बसलेल्या एक ताई उठल्या. "कप येईल नाहीतर नाही येईल. माझा पोरगा यंदा दहावीत आहे. पहाटे साडेपाचला उठून तो रात्री पुस्तकावर पेंगतो. मार्चात परीक्षा आहे. तुमच्या तीन वर्षांत त्याचं हे एक वर्ष आहे, त्याचं काय?" मास्तर गडबडले. त्यांच्या वहीत याचे उत्तर नव्हते. थोड्या वेळाने त्यांनी कबूल केले, की जानेवारीपासून दहावी-बारावीच्या पोरांना पहाटेचा सराव माफ, फक्त रविवारी यायचे. त्याने संघ कमकुवत होईल, हेही त्यांनीच सांगितले, आणि मुंबईकरांनी ते ऐकून घेतले. कोणीतरी मुलींच्या संघाचे विचारले. त्यावर बरीच चर्चा झाली आणि पुढच्या सभेवर विषय गेला. तो तसाच पुढे पुढे जाऊ नये, यावर आम्ही लक्ष ठेवून आहोत.

ठरले ते असे. मास्तरांना तिसरे वर्ष पूर्ण द्यायचे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांनी ती वही समाजमंदिरात उघडी ठेवायची, वाटेल त्याने पाहावी. जुन्या चाकरमानी खेळाडूंपैकी जे रजेवर येतील त्यांनी पोरांना पकडी शिकवायच्या, कारण मास्तरांनी सगळ्यांना एकदम दूर केले ही तक्रारही खरीच होती. आणि कोणाला काही बोलायचे असेल तर मास्तरांना बोलायचे, सामना संपल्यावर. हे शेवटचे कलम कोणी सुचवले ते सांगत नाही. ठराव एकमताने झाला नाही. मुंबईचे धाकटे गृहस्थ हात वर न करता बाहेर गेले. लाल जर्सीच्या पोराने हात वर केला, पण अर्धाच.

सभेनंतर आम्ही त्या दहावीतल्या पोराच्या घरी गेलो. तो घरात नव्हता, किंवा असून बाहेर आला नाही. त्याच्या आईने चहा दिला. आम्ही म्हटले, "वहिनी, आमचं चुकलं. त्याला पाठवा सरावाला." ती म्हणाली, "मी कशाला पाठवू? त्याला यायचं तर येईल. तुम्ही आधी पहाटे उठून जाऊन बघा, पोरं काय करतात ती."

म्हणून गेल्या सोमवारपासून आम्ही बॅटरी घेऊन खाचरावर जातो आहोत. गडावर धुके असते, पायाखाली दव असते, आणि अकरा पोरे अनवाणी धावत असतात. पहिल्या दिवशी मास्तरांनी आमच्याकडे पाहिलेही नाही. दुसऱ्या दिवशी ढेकळे फोडायला लावले. आमची कंबर अजून धरलेली आहे. बुधवारपर्यंत तो पोरगा आला नव्हता. गुरुवारी उजाडता उजाडता बांधावर उभा दिसला. थोडा वेळ उभा राहिला, मग चपला काढून खाली उतरला. मास्तरांनी वहीत त्याचे नाव लिहिले, वेळ लिहिली पाच पन्नास, आणि वीस मिनिटे उशीर झाला म्हणून त्याला मैदानाला दोन फेऱ्या मारायला सांगितल्या.